नागिणीची ओवी

लालबागच्या ज्या चाळीत रखमाआत्याची पंचावन्न वर्षं गेली, ती पाडून तिथे बावीस मजली इमारत उभी राहिली आणि चाळकऱ्यांना तिचे खालचे बारा मजले मिळाले. आत्या अकराव्यावर गेली. जिना गेला, लिफ्ट आली, खाली वॉचमन आला, वॉचमनपुढे वही आली. आत्याकडे येणारी माणसं मात्र थांबली नाहीत. बुधवारी आणि रविवारी सकाळी कुणी ना कुणी कमरेला हात लावून, सदरा अंगापासून लांब धरून गेटपाशी यायचंच. वॉचमन बिहारकडचा. पहिले काही दिवस त्याला हा प्रकार उमजेना. मग त्यानं स्वतःच वहीतल्या 'कामाचं स्वरूप' या रकान्यात 'नागिन' असं लिहून टाकायला सुरुवात केली आणि विषय मिटवला.

नागीण म्हणजे अंगावर पट्ट्यानं उठणारे फोड. डॉक्टर त्याला हर्पीस म्हणतात. अशी आग होते की माणसाला अंगावरचं कापड नकोसं होतं. वेढा पुरा झाला, दोन्ही टोकं एकमेकांना भिडली, की माणूस जातो असं आपल्याकडे पूर्वापार मानतात. डॉक्टर त्याला हसतात. आत्या हसत नसे आणि भांडतही नसे. ती दूर्वांच्या रसात गेरू उगाळायची आणि वेढ्याच्या दोन्ही तोंडांपाशी बोटानं रेघ ओढायची. बुधवारी किंवा रविवारी सुरू करून अशा लागोपाठ तीन सकाळी. तीन दिवस त्या जागेला पाणी लावायचं नाही, वांगं खायचं नाही आणि मासे खायचे नाहीत. मालवणी माणसाला खरा आजार या शेवटच्या अटीचाच व्हायचा. बरं वाटल्यावर आत्यासाठी काही आणायचं नाही, भोईवाड्याच्या देवळात एक नारळ ठेवून परस्पर घरी जायचं.

आलेल्या माणसाला ती नाव विचारत नसे, गाव विचारत नसे. दार उघडल्या उघडल्या तिचा एकच प्रश्न असे, "खंय उठली हा?" कुठे उठलीय, एवढंच. कंबर, पाठ, छाती, मांडी म्हटलं तर "ये, बस." मान, गाल, कपाळ, कान म्हटलं तर ती त्याला उंबरठ्याच्या आतसुद्धा घेत नसे. "मानेच्या वयर माझां काम नाय. तां डाक्टराचां. आत्ताच्या आत्ता जा." कुणी हातापाया पडलं, लांबून बदलापूरहून आलोय म्हटलं, तरी ती दार लावून घ्यायची. तिला हे तिच्या सासूनं शिकवलं होतं आणि शिकवताना एक अटही घातली होती. ही विद्या लपवायची नाही, पण सांगायची तर पुरी सांगायची. अर्धीच बाहेर गेली तर जिची विद्या तिचा हात जातो, मग तो हात कितीही रेघा ओढो, गुण येत नाही.

हे सगळं आत्यानं दर्शनाला सांगितलं. दर्शना तिची भाची, धाकट्या भावाची मुलगी, त्याच चाळीत वाढलेली, सत्तेचाळीस वर्षांची. भोईवाडा कोर्टासमोर टायपिंगचं टेबल लावून बसायची. प्रतिज्ञापत्रं, वारसांचे अर्ज, भाडेकरार. या कामात ती इतकी चोख होती की वकील लोक तिनं टाइप केलेला कागद न वाचता सही करत. एक कलम सुटलं तर माणसाचं घर जातं, हे तिला वीस वर्षांत पाठ झालं होतं. बाकी उरलेल्या वेळात ती कविता लिहायची. आणि कवितेत, आता काय सांगायचं, तिथे तिला कुणी कलमं मोजायला लावत नव्हतं.

सुरुवातीला तिच्या कविता चारचौघींसारख्याच होत्या. चंद्र, खिडकी, हरवलेलं माणूस. कुणी छापल्या नाहीत, त्यात नवल नव्हतं. मग एकदा तिनं चाळीतल्या पायाळू बाईवर कविता लिहिली. जन्मताना आधी पाय बाहेर आले ती पायाळू. कुणाची पाठ धरली की चाळ तिला बोलवायची आणि ती पाठीला पाय लावायची. ही कविता लोकांना आवडली. दर्शनाला वाट सापडली. मग तिनं चाळीतली म्हातारी माणसं गाठून गाठून बोलती केली. प्लेगच्या वर्षी घरं सोडून माटुंग्याच्या मोकळ्या माळावर झोपड्यांत राहिलेल्या पणजोबांच्या गोष्टी, गिरणीत धाग्यानं बोट कापलं की बायका कोळिष्टक लावायच्या ती आठवण, बाळंतिणीच्या काढ्याची वजनं. आणि या सगळ्यांत उजवी निघाली ती नागिणीची ओवी.

आत्या गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायची. संप लागला, लांबला, आणि दुसऱ्या वर्षी चाळीत नागिणीचं पीक आलं. आत्या म्हणायची, माणूस आतून हरला की ती बाहेरून उठते. तेव्हा सकाळी तिच्या दारात सात सात जण बसलेले असत. दर्शनानं हे दोन्ही वेढे एकत्र आणले, अंगाभोवतीचा आणि गिरणीभोवतीचा. आणि चाल घेतली जात्यावरच्या ओवीची, म्हणजे वाचण्याआधीच ती ओठांवर यावी अशी.

गेरू उगाळिला गं, दूर्वांच्या रसामधी
वेढ्याच्या तोंडापाशी, रेघ ओढली आधी

रेघेच्या पल्याड गं, नागीण जाऊ नये
गिरणीच्या दारातली, चूल विझू नये

तीन सकाळी रेघ गं, पाणी लागू नये
उलट्या अंगानं कधी, बोट फिरू नये

अशा चौदा ओव्या. एका दिवाळी अंकात त्या आल्या आणि दादरच्या एका छोट्या सभागृहात दर्शनानं त्या म्हटल्या, तेव्हा पन्नाससाठ माणसं ताठ बसून ऐकत होती. शेवटी टाळ्या पडायला क्षणभर उशीर झाला. कवीला त्या उशिराची चटक लागते. दर्शनालाही लागली.

त्या पन्नाससाठांत नलू होती. नलू दर्शनापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, चाळीतली शेजारीण. लग्न होऊन कॉटन ग्रीनला गेली, नवरा लवकर गेला, प्रिती नावाची एक मुलगी. नलूचं काम मंगळसूत्रं गाठवण्याचं. दादरला एका सराफाच्या दुकानाबाहेर पाटावर बसून ती काळे मणी आणि सोन्याचे मणी दोऱ्यात ओवायची, वाट्या गाठवायची. सुईहून बारीक भोकाचे मणी ती बोलता बोलता न बघता ओवायची असं लोक म्हणत. तसं नव्हतं. ती बघायचीच, फक्त तिचे डोळे इतके चलाख होते की बघितलेलं कळायचं नाही.

नलूला दर्शनाची ओवी इतकी भावली की तिनं ती चार दिवसांत पाठ केली आणि मणी ओवताना म्हणायला लागली. प्रितीनं एकदा आईचा तसा व्हिडिओ काढून टाकला. खाली मान घालून मणी ओवणारी बाई आणि तिचा तो जरा खरखरीत, खरा आवाज. सव्वातीन लाख लोकांनी बघितला. दर्शना रोज सकाळी तो आकडा बघायची आणि मग चहा टाकायची. कोर्टातल्या दोन वकिलांनी तिला "कवयित्रीबाई" म्हणायला सुरुवात केली. तिनं वरवर नको नको म्हटलं.

फाल्गुनात रखमाआत्या शिमग्याला गावी गेली. दरवर्षी जायची, पाडव्यानंतर यायची. गावी घर डोंगराच्या कुशीत, फोन लागला तर लागला.

त्या मंगळवारी सकाळी अकराला नलूचा फोन आला. टेबलापाशी एक वकील घड्याळ बघत उभे होते, त्यांना प्रतिज्ञापत्र हवं होतं. दर्शनानं फोन खांद्याशी धरला आणि बोटं चालूच ठेवली.

"दर्शू, आत्या कधी येणार गो?"

"पाडव्यानंतर. का गं?"

"मला नागीण उठलीय. कालपासून. नुसती आग आग होतेय बघ."

"अगं आई गं."

"प्रिती म्हणते डॉक्टरकडे चल. मी म्हटलं, थांब जरा, आधी दर्शूला विचारते. तुझी ओवी मला पाठच आहे. गेरू घरात आहे, दूर्वा दादरला मिळतात. आत्या नाही तर नाही, मी तसंच करू ना?"

दर्शनाची बोटं थांबली. तिला काय वाटलं ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिला आनंद झाला. दिवाळी अंक झाले, टाळ्या झाल्या, पण कुणीतरी आपल्या शब्दांनी बरं होणार, हे काही वेगळंच होतं. अंगावरून मोरपीस फिरावं तसं झालं तिला.

"कर की," ती म्हणाली. "आत्या अगदी तसंच करते."

"काही राहिलं नाही ना गो ओवीत? सगळं आलंय?"

"अगं, सगळं आलंय."

"मग झालं. देव तुझं भलं करो."

फोन ठेवून दर्शना वकिलांना म्हणाली, "बघा साहेब, आता लोक माझ्या कवितेवरून औषध करायला लागले." वकील हसले. तिनं प्रतिज्ञापत्र पुरं केलं, दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला. आत्या दार उघडल्या उघडल्या जो एक प्रश्न विचारते, तो तिला सुचलाही नाही.

शनिवारी कोर्टाला सुट्टी होती. दर्शना अंकाची एक जादा प्रत पिशवीत टाकून कॉटन ग्रीनला गेली. गोदामांच्या मागची ती जुनी चाळ, नलूची खोली दुसऱ्या मजल्यावर. दार प्रितीनं उघडलं आणि ती बाजूला झाली.

नलू खिडकीकडे पाठ करून बसली होती. तिनं मान वळवली.

कपाळाची डावी बाजू, भुवई, पापणी आणि नाकाचा शेंडा. फोड सगळे फुटून गेरूत वाळले होते. गेरूच्या तीन रेघा, एकावर एक, कपाळावरून गालापर्यंत. डावा डोळा सुजून पुरा मिटला होता आणि त्याच्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं. पाणी लागू नये म्हणून नलू ते कपाळाला न लावता खालच्या खाली पदरानं टिपत होती.

"बघ गो नीट आलीय का रेघ," नलू म्हणाली. "काल तिसरी सकाळ झाली. आग कमी नाही, पण होईल. मला वाटतं माझंच काहीतरी चुकलं. मी आरशात बघून ओढली ना. आरशात सगळं उलटं दिसतं. ओवीत तू म्हटलंयस बघ, उलट्या अंगानं बोट फिरू नये. तिथंच फिरलं असणार."

"नलूताई, उठ," दर्शना म्हणाली. "आत्ताच्या आत्ता उठ."

"पण..."

"उठ म्हणते ना!"

टॅक्सीत नलू दोघींच्या मध्ये बसली होती. तिनं दर्शनाचा हात धरून ठेवला होता, जणू दर्शनालाच आधाराची गरज होती. प्रिती खिडकीबाहेर बघत होती. परळच्या पुलाशी सिग्नल लागला तेव्हा ती बाहेरच बघत म्हणाली, "मावशी, मी मंगळवारीच म्हणत होते. आई म्हणाली, दर्शूनं सांगितलंय सगळं आलंय. तुम्ही म्हणालात ना तसं?"

"म्हणाले," दर्शना म्हणाली.

हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती, सकाळपासून उभी असावी. तिनं ओल्या कापसानं गेरू पुसायला घेतला तशी नलू "पाणी नको, पाणी नको" म्हणून मागे सरली. डॉक्टरणीनं पापणी अलगद वर केली, दिवा लावून बराच वेळ पाहिलं. मग बाजूला येऊन दर्शनाशीच बोलली, तिला वाटलं हीच घरची मोठी.

"नाकाच्या शेंड्यावर फोड आला म्हणजे डोळ्यात जाणार हे जवळजवळ ठरलेलं असतं. पहिल्या तीन दिवसांत आल्या असत्या तर गोळ्यांनी बरंच आटोक्यात आलं असतं. आता बुबुळावर गेलंय. वर हा रंग, त्यानं आणखी चिघळलंय. कुणी लावायला सांगितला हा?"

दर्शनानं तोंड उघडलं. त्याआधी मागून नलूच म्हणाली, "कुणी नाही हो. मीच लावला. माझाच अडाणीपणा."

आणि दर्शनानं तोंड मिटलं. नंतर तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची. एक वाक्य बोलायचं होतं, एका परक्या बाईपुढे, जिला कवितेचं सोयरसुतक नव्हतं. तेही तिच्याच्यानं बोलवलं नाही.

कारण तिला केव्हाच आठवलं होतं. टॅक्सीत बसतानाच आठवलं होतं. ओव्या चौदा नव्हत्या, पंधरा होत्या. आत्यानं सांगितलेलं तिनं इमानदारीत लिहिलं होतं:

मानेच्या वरती आत्या, हात लावत नाही
तिथे डॉक्टरच गाठावा, उशीर करू नाही

दिवाळी अंकाच्या संपादकांचा, उन्मेषचा, तेव्हा फोन आला होता. "ताई, बाकी सगळं झकास आहे. पण ती डॉक्टरची ओवी काढूया का? दवाखान्यातल्या भिंतीवरची सूचना वाटते. चाल मोडते तिथे." उन्मेषला दोष देऊन काही उपयोग नाही. तो आत्याला ओळखत नव्हता. नागीण काय असते हेही त्याला धड माहीत नव्हतं. दर्शनाला माहीत होतं. आणि दर्शनाला ती ओवी आधीपासूनच खुपत होती. 'डॉक्टरच गाठावा' म्हणताना जीभ अडखळायची. तिनं वाद घातला नाही, विचार करते म्हटलं नाही. "हो हो, काढा," म्हणाली, आणि वर खुशीत म्हणाली, "तुमचा कान चांगला आहे." पेनाची एक रेघ मारून तिनं आपल्या वहीतूनही ती ओवी खोडली. एवढ्यानं काम झालं.

नलू अकरा दिवस हॉस्पिटलात होती. दर्शना रोज संध्याकाळी डबा घेऊन जायची. प्रिती डबा घ्यायची, "ठेवा तिथे," म्हणायची. तिचं चुकत नव्हतं. दर्शनानं तिला फक्त एक विनंती केली, तो व्हिडिओ काढून टाक. प्रितीनं तेव्हाच काढला. पण तो तिच्या हातात कुठे राहिला होता? शंभर जणांनी तो आपापल्या नावानं टाकला होता. कुणी खाली पिवळ्या अक्षरांत 'आजीचा रामबाण उपाय' लिहिलं होतं, कुणी बासरी जोडली होती. दर्शना कोर्टातलं काम बाजूला सारून प्रत्येकाखाली लिहीत बसायची. 'मी या कवितेची कवयित्री आहे. चेहऱ्यावर उठल्यास हे करू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे जा.' एकानं उत्तर दिलं, 'मॅडम, कविता तुमची असेल, औषध आमच्या पूर्वजांचं आहे.' एकीनं विचारलं, 'ताई, बाबांच्या कानामागे आहे, चालेल का?' दर्शनानं त्या बाईला तीस वेळा तरी निरोप पाठवला असेल. पुढे तिचं काय झालं ते कधीच कळलं नाही. उन्मेषनं पुढच्या अंकात खुलासा छापायचं कबूल केलं. पुढचा अंक पुढच्या दिवाळीला.

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी रखमाआत्या आली. दर्शना अकराव्या मजल्यावर गेली तेव्हा आत्या गावाहून आणलेली कोकमाची सोलं वर्तमानपत्रावर पसरत होती. दर्शनानं उभ्या उभ्याच सांगितलं की नलूताईला नागीण उठली होती.

"खंय?" आत्यानं विचारलं.

"कपाळावर. डाव्या बाजूला."

आत्याचा हात थांबला. "मगे?"

दर्शनानं सगळं सांगितलं. फोन, ओवी, आरसा, डोळा. गाळलेल्या दोन ओळी तिनं सांगितल्या तेव्हा तिचा आवाज इतका बारीक झाला की आत्याला कान पुढे करावा लागला. आत्या रागावेल, चार शिव्या घालेल, असं दर्शनाला वाटलं होतं. खरं तर तिला ते हवंच होतं. शिव्या खाऊन माणूस थोडा तरी सुटतो.

आत्यानं सोलं गोळा केली, डब्यात भरली, झाकण लावलं. मग इंटरकॉम उचलून तिनं वॉचमनला आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं की आजपासून नागिणीसाठी कुणी आलं तर वर सोडायचं नाही. बाई मर गई बोलना, असंही म्हणाली.

"आत्या, असं काय करतेस? कमरेची तर तू बरी करतेसच ना. तुझं काय चुकलं यात?"

"मिया सांगितलंय ना तुका," आत्या म्हणाली. "अर्धां भायर गेलां. आता ह्या हातात काय नाय." तिनं उजवा हात उघडून स्वतःच पाहिला. ऐंशी वर्षांचा, गेरूनं नखांच्या कडा कायमच्या तांबूस झालेला हात. दर्शनाचा असल्या अटींवर विश्वास नव्हता. पण त्या हाताकडे बघून तिला तसं म्हणवेना.

रविवारी ती मुद्दाम गेटपाशी जाऊन उभी राहिली. नऊच्या सुमाराला एक रिक्षावाला आला, सदऱ्याची बटणं उघडी, बरगडीखाली फोडांचा पट्टा. वॉचमननं आत्याचा निरोप जसाच्या तसा त्याला सांगितला. तो मटकन गेटच्या कट्ट्यावर बसला. दर्शना पुढे झाली, त्याला हॉस्पिटलचा पत्ता सांगू लागली. "डॉक्टर केला ताई," तो म्हणाला. "गोळ्या चालू आहेत. पण आग जात नाही. म्हातारीनं हात लावला की झोप लागते असं ऐकलेलं." दर्शना तशीच त्याच्या शेजारी उभी राहिली, तो उठून जाईपर्यंत.

नलू घरी आली. डाव्या डोळ्यानं तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, आणि यापुढेही एवढंच कळणार होतं. डॉक्टरणीनं तसं स्पष्ट सांगितलं. उजवा डोळा चांगला होता. लोकांना वाटतं एक डोळा असला की काम भागतं. मणी ओवणाऱ्या बाईचं भागत नाही. एका डोळ्यानं सुई आणि भोक यांतलं अंतर कळत नाही. सुई मण्याच्या पुढे तरी जाते, नाहीतर मागे तरी राहते. सराफानं तिची जागा सध्या तरी कुणाला दिली नव्हती. सध्या तरी, असंच म्हणाला तो.

दर्शना त्या दुपारी गेली तेव्हा नलू ताटलीत काळे मणी घेऊन बसली होती. सवय करत होती. सुई पुढे न्यायची, मणी गळून ताटलीत टणकन पडायचा, ती परत उचलायची. प्रिती कामाला गेली होती.

"बरं झालं आलीस," नलू म्हणाली. "मला एक छडा लावायचाय. ये, बस."

"कसला?"

"कुठं चुकलं त्याचा. आरशाचंच असणार, पण खात्री करू दे. तू ओवी म्हण पहिल्यापासून. सावकाश म्हण. मी एकेक ताडून बघते, मी काय केलं नि काय राहिलं. उद्या दुसऱ्या कुणाला सांगायची वेळ आली तर माझ्यासारखं होऊ नये."

"नलूताई, राहू दे ना."

"म्हण गो. तुझ्या तोंडून ऐकून किती दिवस झाले."

दर्शनानं म्हणायला सुरुवात केली. नलू प्रत्येक ओवीला मान हलवत होती. गेरू, केलं. दूर्वा, केल्या. तोंडापाशी रेघ, ओढली. तीन सकाळी, बरोबर. पाणी नाही, थेंब लावला नाही. तिचा चेहरा अभ्यास तपासून घेणाऱ्या पोरीसारखा झाला होता. दर्शनाला वाटलं, आपण अशाच चौदा ओव्या म्हणून उठावं. ही बिचारी आरशाला दोष देत राहील आणि आपल्याला दर आठवड्याला डबा आणता येईल, चहा पिता येईल, ती आपल्याला दर्शू म्हणत राहील. एवढं तरी हातात राहील. पण आठव्या ओवीनंतर तिच्या तोंडून ती ओवी आली. लिहिल्यापासून तिनं ती मोठ्यानं कधी म्हटलीच नव्हती.

मानेच्या वरती आत्या, हात लावत नाही
तिथे डॉक्टरच गाठावा, उशीर करू नाही

नलूची सुई थांबली.

"ही नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"नवी केलीस?"

"नाही. आधीपासून होती. छापायच्या वेळी काढली."

"का गो?"

"चाल मोडत होती," दर्शना म्हणाली. तिला रडू आलं नाही. रडण्याचाही हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं.

नलूनं ओठांतल्या ओठांत ती ओवी म्हणून पाहिली. एकदा, आणि परत एकदा. 'डॉक्टरच गाठावा'पाशी तिचीही जीभ अडखळली.

"मोडतेय खरी," ती म्हणाली. मग तिनं सुई ताटलीत ठेवली आणि चांगला डोळा दर्शनाच्या चेहऱ्यावर आणला. "पण दर्शू, फोनवर कुठली गो चाल होती? फोनवर तरी सांगायचंस."